नेपरव्हिलच्या गॅरेजमधल्या दोनशे चौसष्ट घोंगड्या

जतला परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, अमेरिकेत काय काय पाहिलंस? मी खरं ते सांगते आणि समोरच्याचा विरस होतो. मी तिथे आठ दिवस होते, आणि त्यातला बराचसा वेळ एका गॅरेजमध्ये गेला. शिकागोच्या उंच इमारती पाहिल्या, पण खांद्यावर घोंगड्यांचं गाठोडं घेऊन, घाईने चालता चालता. नायगारा पाहिला नाही. तरीही जे पाहिलं ते लिहावंसं वाटतं, कारण आमच्या भागातून या कामासाठी तिकडे कुणी गेलेलं मला माहीत नाही.

काम असं होतं. आमच्या गटात नऊ माग आहेत. दख्खनी मेंढीच्या लोकरीच्या काळ्या घोंगड्या आम्ही विणतो. मी स्वतः विणकर नाही. वडील मेंढरं राखायचे, आई सूत काढायची, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाल्यामुळे गटाचा पत्रव्यवहार आपसूक माझ्याकडे आला. घोंगड्या जगातल्या त्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानावर ठेवू, असं सगळ्यांना मीच पटवलं होतं. दुकानाचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत आहेच.

सुरुवात चांगली झाली. अमेरिकेतली माणसं घोंगडी जमिनीवर अंथरायची, सोफ्यावर टाकायची, कुणी तिच्यावर योगासनं करायचं. मग तक्रारी यायला लागल्या. माल वापरलेला आहे. आत कचरा निघाला. एका सकाळी आमचं खातं बंद झालं. मी अकरा पत्रं लिहिली. अकरा वेळा एकच उत्तर आलं, शब्दाला शब्द तेच. शिकागोजवळच्या गोदामात आमच्या दोनशे चौसष्ट घोंगड्या पडून होत्या. ठरलेल्या मुदतीत त्या अमेरिकेतल्याच एखाद्या पत्त्यावर हलवा, नाहीतर आम्ही त्या नष्ट करू, असंही कळवलं होतं.

शांतामावशी आमच्यातली सर्वांत जुनी विणकर. ती म्हणाली, हा माल कुठं गेला ते कळल्याबिगर मी मागावर नवा ताणा लावणार नाही. तिचं बघून बाकीचे आठ मागही थांबले. ऐन हिवाळ्यात नऊ माग बंद. विणकर पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्यांवर पोती पसरलेली मी रोज बघत होते.

कॉलेजात मला शिकवणाऱ्या पाटील मॅडम मदतीला आल्या. त्यांची थोरली बहीण सुनंदाकाकू शिकागोजवळ नेपरव्हिलला असते. मॅडमच्या एका फोनवर काकूंनी सगळी खोकी आपल्या घरी मागवून घेतली. माल वाचला, पण तो विकायचा कुठे? परत आणणं आम्हाला झेपणारं नव्हतं. तेव्हा मी युरोपातल्या ऑनलाइन बाजारपेठा शोधायला लागले. अशा जागा आहेत, पुष्कळ आहेत, हे मला त्याआधी माहीतच नव्हतं. जर्मनीतल्या एकीचे सगळे फॉर्म जर्मन भाषेत होते. फ्रान्समधली एक आपल्याच देशातल्या कारागिरांना घ्यायची. पोलंडमधल्या एकीने कळवलं की युरोपात राहून तुमच्या मालाची जबाबदारी घेणारं कुणीतरी दाखवा. सातपैकी सहा ठिकाणी असं थांबलं. सातवी होती नेदरलँड्समधली, लहानशी, विकणाऱ्यांनीच एकत्र येऊन चालवलेली. तिथून मार्लेन नावाच्या बाईंचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, मार्च महिन्यात मी शिकागोच्या गृहवस्तूंच्या प्रदर्शनात असेन, माल तिथेच जवळ असेल तर हातात घेऊन बघेन आणि मग हो किंवा नाही सांगेन.

निर्यातीच्या एका योजनेतून तिकिटाची सोय झाली आणि मी निघाले.

रविवार, नेपरव्हिल

सुनंदाकाकू मूळच्या नागपूरच्या. विमानतळावर त्यांनी मला जवळ घेतलं आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "एवढ्याशा स्वेटरवर आलीस होय? चल, गाडीत कोट आहे." कोट त्यांच्या यजमानांचा, विजयकाकांचा होता. पुढचे आठ दिवस मी तो गुडघ्यापर्यंत येणारा कोट घालून फिरले.

रस्ते रुंद, घरं एकसारखी, आणि माणूस एकही नाही. दुकानांसमोरच्या मैदानात बर्फाचे ढीग काळपट पडले होते, आमच्याकडे रस्त्याच्या कामाला खडीचे पडतात तसे. घरी पोचलो तर काकांची गाडी बाहेर बर्फात उभी. तीन महिन्यांपासून ती तिथेच होती, कारण गॅरेजमध्ये आमची बावीस खोकी होती. विजयकाका सहज म्हणाले, गाडीला सवय आहे. मला मात्र मान वर करवेना.

दाराशी दोन पार्सलं पडली होती. त्यांच्यावरची त्या मोठ्या दुकानाची खूण मी लगेच ओळखली. काकूंनी ती पायाने हळूच दाराआड सारली आणि म्हणाल्या की काय करणार, आज मागवलं की उद्या तेच आणून देतात. मी म्हटलं, काकू, मीसुद्धा फोनचं कव्हर तिथूनच घेतलंय. त्यावर दोघी हसलो आणि अवघडलेपण गेलं. जेवायला कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली पुडाची वडी आणि कढी होती. शिकागोजवळ बसून नागपूरची वडी खायची, आणि तीसुद्धा जतच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा.

सोमवार, गॅरेज

काकूंची मुलगी रिया अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करते. दिवस-रात्र सलग ड्यूटी आणि मग सुट्टी, असा तिचा क्रम. तिचा जन्म तिथलाच. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं, आणि प्रेमाची वेळ आली की मराठीत. सोमवारी तिला सुट्टी होती. गॅरेजचं दार बटण दाबताच वर सरकलं आणि थंडी अशी आत आली की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

पहिलं खोकं मी फोडलं. प्लास्टिकमधून घोंगडी बाहेर काढताच लोकरीचा आणि चिंचोक्याच्या खळीचा वास आला. आम्ही विणण्याआधी ताण्याच्या उभ्या धाग्यांना ती खळ लावतो. त्या परक्या गॅरेजमध्ये तो वास आल्यावर मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. दोन टोकं मी धरली, दोन रियाने धरली, आणि आम्ही घोंगडी झटकली.

खाली फरशीवर वाळलेली पानं पडली. बारीक, तपकिरी, करवतीच्या काठाची.

रिया वाकली. "सुरेखाताई, दीज आर लीव्हज. आत पाला आहे."

मी म्हटलं, हो, कडुनिंबाचा. आणि हे म्हणत असतानाच मला समजलं.

आमच्याकडे धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला असतो, कपड्यांच्या पेटीत असतो, लोकरीत तर असतोच, नाहीतर लोकर खाणारी कसर लागते. शांतामावशी प्रत्येक घोंगडी घडी करताना आतल्या घडीत मूठभर पाला घालते. ते तिचं काम ठरलेलं. मी स्वतः शेजारी बसून प्लास्टिक लावत होते. पाला मला दिसत होता. पण तो कचरा आहे असं मला कधी वाटलंच नाही, जसं गव्हातला पाला बघून गहू खराब आहे असं वाटत नाही. आणि इकडे कुणी बाई सोफ्यावर नवी कोरी घोंगडी उघडत होती आणि मांडीवर वाळका पाला पडत होता. तिने काय समजायचं? सहा महिने मी ज्यांच्यावर चिडले होते, त्यांचं तक्रारीपुरतं बरोबर होतं.

तरी एक गोष्ट मनातून गेली नाही. अकरा पत्रांमध्ये कुणी एकाने जरी विचारलं असतं की आत ही पानं कसली, तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं.

आता प्रश्न शांतामावशीला सांगायचं कसं, हा होता. पाल्यामुळे हे झालं असं तिला कळलं तर ती सगळं स्वतःवर घेईल, मागाला पुन्हा हातच लावणार नाही, अशी माझी खात्री होती. मी ठरवलं, सांगायचं नाही.

मंगळवार

सहा महिने प्लास्टिकमध्ये राहिलेल्या घोंगड्यांना हवा लावायला हवी होती. ऊन पडलं होतं, थंड का होईना. मी आणि काकूंनी दहा-बारा घोंगड्या अंगणाच्या कुंपणावर टाकल्या. काळ्या घोंगड्या, पांढरं कुंपण, खाली बर्फ. फार छान दिसत होतं. मी फोटो काढून गटावर पाठवला.

तासाभरात काकूंना ईमेल आली. वसाहतीच्या मंडळाने अत्यंत नम्र शब्दांत लिहिलं होतं की दर्शनी बाजूला कपडे वाळत घालण्यास परवानगी नाही. काकू घाबरून बाहेर धावल्या. एवढा मोठा देश, एवढं मोठं अंगण, आणि वाळत घालायला बंदी. माझ्या गावात कुणी कुंपणावर काही वाळत घातलं नाही तर लोक विचारतील, घरी सगळं ठीक आहे ना? मग आम्ही गॅरेजमध्ये दोऱ्या बांधल्या, दोन पंखे लावले आणि दार अर्धं उघडं ठेवलं.

त्या अर्ध्या दारातून वाकून निखिल आत आला. पुण्याचा, आयटीतला, पलीकडच्या गल्लीत राहणारा. काकूंना डबा परत करायला आला होता. मी काय करते आहे ते ऐकून तो कपाळाला आठ्या घालून उभा राहिला.

"ताई, खरं सांगू? युरोपियन साइटवर ट्रॅफिकच नसतं यार. लोक आज ऑर्डर करतात, आणि विसरून गेल्यावर पार्सल येतं."

काकू म्हणाल्या, "आणि तुझं रे? तुझ्या दारात रोज दोन खोकी असतात, त्यातलं एक तर तू उघडतही नाहीस."

निखिल हसला, पण म्हणणं त्याने सोडलं नाही. मोठ्या दुकानात शंभर जण बघतात, तिथे पाच बघतील, असं त्याचं गणित. ते चुकीचं नव्हतं. मी त्याला एवढंच म्हटलं की आमच्याकडे नऊ माग आहेत. शंभर लोकांना पुरेल एवढं आम्ही विणतच नाही.

बुधवार, शिकागो

रिया आणि मी सकाळच्या ट्रेनने निघालो. नमुन्याच्या सहा घोंगड्या मी चादरीत बांधल्या होत्या. काकू बॅग देत होत्या, पण बॅगेत घोंगडी चुरगळते. दुमजली ट्रेन, स्वच्छ, गरम. मी बसल्या बसल्या गटातल्या लक्ष्मीला फोन लावला आणि आपण कुठे आहोत ते आमच्या नेहमीच्या आवाजात सांगायला लागले. सगळा डबा माझ्याकडे बघायला लागला. रियाने वरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तो शांततेचा डबा होता. सकाळच्या वेळी तिथे बोलायचंच नाही, असा नियम. मी फोन बंद केला आणि समोरच्या आजोबांना हात जोडले. त्यांनी नुसती मान हलवली आणि गाठोड्याकडे बोट करून अंगठा वर केला.

प्रदर्शन सरोवराच्या काठावर होतं. ते सरोवर बघून मी थांबले, कारण पलीकडचा काठ दिसतच नव्हता. आमच्या तालुक्यात टँकरची वाट बघत दिवस जातो.

मार्लेनबाईंची जागा कोपऱ्यात होती. उंच, पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा अडकवलेला. त्यांनी हस्तांदोलन केलं, चहा विचारला नाही, आणि टेबल रिकामं केलं. घोंगडी त्यांनी आधी नाकाशी नेली. मग उलटी केली, ओढून पाहिली, कडेवरून नख फिरवलं. माझं इंग्रजी शाळेतलं. अडलं की रिया सांगायची. मेंढ्या कुठल्या, रंग दिला की नैसर्गिक, खळ कशाची, असं सगळं त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्यांना घोंगडी आवडली आहे हे मला दिसत होतं.

मग त्या म्हणाल्या, "ही कुणी विणली?"

आमच्या बाजारपेठेत प्रत्येक वस्तूवर करणाऱ्याचं नाव असतं, असं त्यांनी समजावलं. कौतुकासाठी नाही. गिऱ्हाइकाला काही विचारायचं असलं तर विचारायचं कुणाला, ते माहीत असावं म्हणून. नाव नसेल तर वस्तू कितीही चांगली असली तरी त्या घेत नाहीत.

आमच्या घोंगड्यांना पूर्वी नावाची कापडी पट्टी असायची. मोठ्या दुकानाच्या गोदामात फक्त बारकोड लागतो, म्हणून त्या पट्ट्या मीच काढायला लावल्या होत्या. पण घोंगडीच्या टोकाला दशा, म्हणजे न विणलेले धागे, सुटलेल्या असतात आणि त्यांच्या गाठी प्रत्येक विणकर आपापल्या पद्धतीने बांधतो. सहापैकी पाच मी गाठींवरून ओळखल्या आणि नावं सांगितली. सहावी ओळखेना. अंदाजाने एखादं नाव सांगणं सोपं होतं. मी म्हटलं, मला नक्की माहीत नाही, विचारावं लागेल.

"मग विचारा," मार्लेनबाई म्हणाल्या.

तिकडे गावात रात्रीची जेवणं आटोपली होती. व्हिडिओवर आधी शांतामावशीचा कान दिसला, मग छत, मग ती. मी घोंगडीचा कोपरा फोनसमोर धरला.

"जरा लांब धर. हां. ही आपल्या लक्ष्मीची. डावखुरी हाय न्हवं ती, गाठ उलटी पडती." मग तिला मार्लेनबाई दिसल्या. "ह्या कोण? गिऱ्हाईक व्हय? जेवल्या का इचार."

मी विचारलं. मार्लेनबाई पहिल्यांदा हसल्या आणि नाही म्हणाल्या. शांतामावशीने मान डोलावली आणि मोठ्याने विचारलं, "सुरेखा, आत पाला हाय न्हवं? का काढला कुणी? पाला नसला तर कसर खाईल बग सगळं."

रियाने तोंडावर हात ठेवला. मार्लेनबाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हाताऱ्या बाईंनी काहीतरी महत्त्वाचं विचारलंय, हे त्यांना कळलं होतं. त्या काय म्हणाल्या, असं त्यांनी मला विचारलं.

मला काहीही सांगता आलं असतं. तब्येतीला जपा म्हणाल्या, असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पाल्याने एक दुकान घालवलं होतं, दुसरंही त्याच पायी जाईल, हे दिसत होतं. पण जिथे करणाऱ्याला फोन लावून विचारतात, तिथे पहिल्याच फोनला खोटं सांगायचं? मी सगळं सांगितलं. पाला का घालतो, गिऱ्हाइकांना काय दिसलं, खातं का गेलं. इंग्रजीत सांगून झाल्यावर तेच मराठीत फोनकडे बघून सांगितलं.

शांतामावशीने फोन तोंडाजवळ आणला. मला वाटलं, झालं.

"आगं मग आदी बोलायचं हुतंस की," ती म्हणाली. "ह्या खेपेला बी दोन पोती पाला वाळवून ठिवलाय मी. तुला वाटलं मी रडत बसंन? लोकाच्या घरात पाला चालत न्हाय तर न घालू. त्यात काय एवढं."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. दोन दिवस जिला जपत होते, तिला जपायची गरजच नव्हती.

मार्लेनबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी स्पष्ट सांगितलं की एकही पान युरोपात जाता कामा नये, तो कायद्याचा प्रश्न आहे. किती घोंगड्या उघडून पाहिल्या आहेत, असं त्यांनी विचारलं. आम्ही सत्तर उघडल्या होत्या. त्यांनी कॅलेंडर पाहिलं. प्रदर्शनाचा माल रॉटरडॅमला परत नेणारा त्यांचा कंटेनर भरायचा होता आणि त्यात जागा होती. शुक्रवारी दुपारी त्यांचा ट्रक नेपरव्हिलला येईल. तोपर्यंत प्रत्येक घोंगडी झटकून स्वच्छ आणि प्रत्येकीला नाव. झालं तर सगळ्या घेते, नाही झालं तर एकही नाही, कारण अर्धी खात्री त्यांना चालत नव्हती.

कुणीतरी समोर बसून, माझ्याकडे बघून, अट सांगितली होती. अट कडक होती, तरी मला बाहेर पडताना मोकळं वाटलं.

गुरुवार आणि शुक्रवार

रियाची ड्यूटी होती, पण जाताना ती दोन व्हॅक्यूम क्लीनर गॅरेजमध्ये ठेवून गेली. काकूंनी मराठी मंडळातल्या चार मैत्रिणींना बोलावलं. निखिलने दोन्ही दिवस घरून काम घेतलं, म्हणजे लॅपटॉप वॉशिंग मशीनवर ठेवून घोंगड्या झटकल्या. मीटिंगमध्ये त्याला बोलायची वेळ आली की आम्ही सगळ्या व्हॅक्यूम बंद करून पुतळ्यासारख्या उभ्या राहायचो. विजयकाका पाला गोळा करून पिशव्यांत बांधत होते. त्यांनी एक पान उचलून वास घेतला आणि बराच वेळ हातात धरून ठेवलं.

नावांचं काम मोबाइलवर चाललं. मी गाठींचे फोटो पाठवायची आणि तिकडून बोलून पाठवलेले निरोप यायचे. बऱ्याच मला स्वतःला ओळखता आल्या, तरी प्रत्येक नाव मी त्या त्या माणसाकडून खात्री करून घेतलं. सहा महिने गप्प असलेला आमचा गट एकदम जागा झाला. लक्ष्मी म्हणाली, ही माझी न्हाय, तानाजीमामाची आसंल, त्येच्या गाठी त्येच्या धोतरागत सुटत्यात. तानाजीमामांनी लगेच कळवलं की ज्याला दिसत नाही त्याने बोलू नये. काकूंच्या मैत्रिणी हातातलं काम थांबवून हे ऐकायच्या आणि पुन्हा लावा म्हणायच्या. एकीने तर तानाजीमामांची बाजू घेतली.

शुक्रवारी सकाळी साडेअकरापर्यंत दोनशे त्रेसष्ट घोंगड्यांना नाव लागलं. एक राहिली. तिच्या गाठी एक घट्ट, एक सैल, एक मध्येच विसरलेली. फोटो पाठवला तर सगळ्यांनी हात झटकले. तानाजीमामा म्हणाले, इतकी येडीवाकडी गाठ आपल्या वाडीत कुणी बांधत न्हाय. लक्ष्मी म्हणाली, ही नक्की बाहेरची. ट्रक दोनला येणार होता आणि मी ती घोंगडी पुन्हा पुन्हा उलटून बघत होते. एक जरी बिननावाची राहिली तरी काय होणार ते ठरलेलं होतं. ती बाजूला लपवून ठेवू का, असं निखिलने विचारलं. मी नाही म्हटलं. मार्लेनबाईंना मी आकडा सांगितला होता.

एक वाजता शांतामावशीचा आवाज आला. ती सगळं ऐकून शेवटी बोलणाऱ्यांतली.

"कुणाची म्हून काय इचारता? ती मी इणलीया. माझ्या हाताला सूज आल्ती तवा दशा बांदायला कोण बसलं हुतं? आपली बी.कॉम.!"

तेव्हा मला आठवलं. ऑर्डर पूर्ण करायच्या घाईत एका दुपारी मी तिच्याजवळ बसून गाठी बांधल्या होत्या. वाडीभर ज्या गाठीला नावं ठेवली ती माझी होती. काकू हसून हसून खुर्चीत बसल्या. मी चिठ्ठीवर शांताबाईंचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, गाठी: सुरेखा. नावापुढे माझा फोन नंबर घातला. कुणी या गाठीची तक्रार केली तर ती मलाच ऐकावी लागेल.

ट्रक दोन वाजून दहा मिनिटांनी आला. त्याबरोबर मार्लेनबाईही आल्या. त्यांनी कुठलीही पंधरा खोकी निवडून उघडली, घोंगड्या झटकल्या, चिठ्ठ्या वाचल्या. एकही पान पडलं नाही. मग त्यांनी कागदावर सही केली आणि म्हणाल्या की नेदरलँड्समध्ये मालाची जबाबदारी त्यांची संस्था घेईल. सगळ्यांत मोठी अडचण होती ती, आणि मिटली एका वाक्यात. काकूंनी त्यांना पोहे खायला बसवलं. त्या उभ्या उभ्याच खात होत्या, पण दुसऱ्यांदा घेतले.

खोकी गेल्यावर विजयकाका बाहेर गेले, गाडी सुरू केली आणि हळूहळू गॅरेजमध्ये आणून उभी केली. दार खाली आलं. मी तिथेच पायरीवर बसले आणि मला बसल्या जागी झोप लागली.

रविवार, निघताना

शनिवारी काकूंनी मला नदीकाठी फिरवलं. काय पाहिलं ते मला नीट आठवत नाही, मी नुसती सुखात चालत होते. रविवारी विमानतळावर रांगेत उभी असताना शांतामावशीचा बोललेला निरोप आला. मी फोन कानाशी धरला. तिच्या बोलण्याच्या मागे खट्-खट्, खट्-खट् चालू होतं. एका मागाचा नव्हता तो आवाज, दोन-तीन तरी होते.

"पोरी, ताणा लावलाय," ती म्हणत होती. "त्या बाईला इचार, पांढऱ्या काठाच्या चालतील का. आन् लवकर सांग, लोकर भिजत घातलीया."

रांग पुढे सरकली. मी तिथेच उभी राहून मार्लेनबाईंना विचारलं. विमानात बसायच्या आधी त्यांचं उत्तर आलं होतं: चालतील, विणणाऱ्याचं नाव तेवढं कळवा.